जयवंताचं सुतक

शनिवारी सकाळी जयवंतानं दुधात कुस्करलेली भाकर बाजूला सारली, तेव्हा सलोमीबाईंनी रजनीला हाक मारली. "जा, तुझ्या बाबांना, दादाजींना घेऊन ये. आजच या म्हणावं. उद्याचं मी काही सांगू शकत नाही."

सलोमीबाईंनी पंचवीस वर्षं नागपुरात मिशनच्या दवाखान्यात नर्सचं काम केलं होतं. नवऱ्याचे सुजलेले पाय आणि ओठांवरचा निळसरपणा त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. जयवंता त्याच दवाखान्यात कंपाउंडर होता. पाच वर्षांपूर्वी दोघं नोकरी सोडून पांढुर्ण्याला आले आणि तिगावच्या रस्त्यावर, वडिलोपार्जित वावरातल्या जयवंताच्या हिश्शात, कवेलूंच्या छपराचं घर बांधून राहिले. घरापुढच्या मांडवात दर गुरुवारी महारोग्यांचा दवाखाना भरे.

रजनी झपाझप गावाकडे निघाली. ती जयवंताच्या थोरल्या भावाची, पुंडलिकरावांची धाकटी लेक. अठरा वर्षांची, मॅट्रिक झालेली. गुरुवारी काकूकडे शिवण शिकायला जाते असं ती घरी सांगायची आणि मांडवात बसून मरीजांच्या कार्डांवर नावं, तारखा आणि गोळ्या लिहायची. दोन वर्षांत घरातल्या कोणी तिला साधं झबलंसुद्धा शिवायला सांगितलं नव्हतं. तेव्हा सगळ्यांना ठाऊक असावं, असा तिचा अंदाज होता.

दुपारपर्यंत तिचा मोठा भाऊ वसंतही सौंसरहून बसनं येऊन पोचला. तो तहसील कचेरीत कारकून होता आणि गेला महिनाभर त्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. छप्पन सालच्या नोव्हेंबरच्या एक तारखेपासून नागपूर मुंबई राज्यात जाणार होतं, आणि सौंसर-पांढुर्णा नव्या मध्यप्रदेशात राहणार होते. राजधानी भोपाळला.

"काका, गाडीचं पाहू का?" तो बाजेजवळ बसत म्हणाला. "नागपूरले नेतो तुम्हाले. मोठ्या डॉक्टरले दाखवू."

जयवंताला उशांच्या आधारानं बसवलं होतं. तो हसला. बोलताना दर चार शब्दांनी त्याला थांबावं लागत होतं.

"तिथूनच तर आलो ना बाप्पा. पंचवीस वर्षं तिथं लोकायले मरताना पाह्यलं. इलाज असता तं तुह्या काकूनं सोडला असता का?"

रजनी पायथ्याशी उभी होती. तिनं सरळ विचारलं, "काका, तुम्हाले भेव नाही वाटत?"

"रजनी," वसंत दटावल्यासारखं म्हणाला.

"पुसू दे तिले." जयवंतानं श्वास गोळा केला. "वाटते. धाप लागते तवा लय वाटते. मंग मी म्हणतो, येशू बी भेला होता. बागेत एकटा बसून घामाघूम झाला. हे टाळता येत असन तं टाळ, असं म्हणे बापाले. अन् मंग तुह्या मर्जीनं होऊ दे म्हणून उठून गेला. मी काही त्याच्यापेक्षा बहादूर नाही. पण त्यानं ज्याच्या हाती सोपवलं, त्याच्याच हाती मी बी सोपवून राहिलो."

सलोमीबाईंनी त्याच्या ओठांना ओला कापूस लावला. थोड्या वेळानं तो पुन्हा बोलला.

"वसंता, दोन गोष्टी आहेत. मले जाळू नका. आमच्या रीतीनं मातीत ठेवा. विहिरीच्या पल्याड, बांधाजवळ जागा आहे. त्यापायी संत्र्याचं झाड तोडू नका."

वसंताचा चेहरा उतरला. "काका, आपला घाट आहे ना जाम नदीच्या काठाले. आजोबा तिथंच, आजी तिथंच. तुम्ही एकटेच कायले वावरात राहता?"

त्याच्या आवाजातली माया जयवंताला कळली. त्यानं हात पुढे केला आणि वसंताच्या गुडघ्यावर ठेवला. "एकटा कुठं? दर आठवड्याले सत्तर लोक येतात. अन् दुसरी गोष्ट तेच्याचबद्दल. येत्या गुरुवारी मी नसलो तरी गोळ्या चुकू देऊ नका. एक आठवडा चुकला का तो माणूस घाबरते. अन् दुसरा चुकला का मंग येतच नाही."

वसंत उशी सारखी करू लागला. त्यानं हो म्हटलं नाही, ते रजनीला बरं वाटलं नाही.

*

पुंडलिकराव तिसऱ्या प्रहरी आले. बासष्ट वर्षांचा उंच, हाडापेरानं मजबूत माणूस. अंगात लांब बाह्यांची बंडी, ती त्यांनी भर उन्हाळ्यातही गेली चार वर्षं सोडली नव्हती. दारात चपला काढून ते उभे राहिले आणि म्हणाले, "तुम्ही सगळे जरा बाहेर बसा."

खोलीत दोघे भाऊच राहिले.

तीस वर्षांपूर्वी जयवंता बाप्तिस्मा घेऊन घरी आला, तेव्हा बापानं दार लावून घेतलं होतं. त्याआधी, पंधरा वर्षांच्या जयवंताच्या नडगीवर गोटमारीत, पोळ्यानंतरच्या दगडफेकीच्या जत्रेत, दगड लागला, जखम सडली, आणि पुंडलिकरावांनीच त्याला आगगाडीत घालून नागपूरला नेलं होतं. सात महिने तो तिथं होता. एक म्हातारा ड्रेसर रोज त्याचा पू धुवायचा. तुम्हाले किळस नाही येत का, असं पोरानं विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "माझ्या धन्यानं आपल्या चेल्यांचे पाय धुतले, मी तर नोकर आहे." जयवंता त्या एका वाक्यापाशी राहून गेला. बाप मेल्यावर पुंडलिकरावांनी त्याचा वावरातला हिस्सा एका शब्दानं खळखळ न करता दिला. पण त्याच्या घरचं पाणी मात्र ते प्याले नाहीत. भाऊ म्हणून द्यायचं ते दिलं, आणि जात म्हणून पाळायचं ते पाळलं, असा त्यांचा हिशेब होता.

चार वर्षांपूर्वी तो हिशेब कोलमडला. बांधाची आखणी करताना संत्र्याचा काटा त्यांच्या करंगळीत अर्धा रुतला होता आणि त्यांना पत्ताच नव्हता. जयवंतानं तो उपसला, हात उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाला, "दादा, डोळे मिट." मग कापसाचा एक पेळू त्यांच्या कोपरापासून खाली फिरवला. "कुठं लागून राहिलं सांग." पुंडलिकराव वाट पाहत राहिले. जन्मभर कापूस पिकवणाऱ्या माणसाला हातावरचा कापूस कळला नाही.

तेव्हापासून दर पंधरवड्याला ते बांधावरून चालत यायचे आणि गोळ्यांची पुडी धोतराच्या कनवटीला लावून घरी जायचे. घेताना पाणी स्वतःच्या विहिरीचं.

"कार्ड काढून ठेवलं आहे," जयवंता म्हणाला. "सलोमीजवळ आहे. आणखी सहा महिने घे. चट्टा गेलाच आहे. तुह्यापासून कोणाले काही होत नाही दादा, ते भेव सोड. दोन बोटं तेवढी बधिर राहतीन."

"हाव."

"तुहं नाव मी कोणाले सांगतलं नाही."

"माहीत आहे मले." पुंडलिकराव बाजेच्या कडेवर बसले. "जयवंता, तू एकदा तरी मले तुह्या धर्माबद्दल का नाही बोलला? चार वर्षं तुह्या हातात होतो मी. भलते लोक भलतं बोलून राहिले गावात, का औषधाच्या नावानं बाटवतात म्हणून. मी वाट पाहून होतो."

जयवंता बराच वेळ श्वास घेत राहिला.

"मी नफ्याचा हिशेब मांडून पाय धुतो का दादा? माणूस बरा झाला, पोराबाळात जाऊन बसला, झालं माह्यं. जीव वापराले भेटला, मी वापरला. आता ज्याचा त्याले परत."

पुंडलिकराव उठून दाराशी गेले. बाहेर ओसरीवर सगळे बसले होते.

"सलोमी," ते म्हणाले. भावजयीला त्यांनी नावानं पहिल्यांदाच हाक मारली होती. "पाणी दे प्यायले."

सलोमीबाई आत गेल्या आणि पेला भरून घेऊन आल्या. त्यांचा हात स्थिर होता, पण पेला इतका काठोकाठ भरला होता की दोन्ही हातांनी धरावा लागला. पुंडलिकरावांनी तो तिथंच उभ्यानं रिकामा केला.

रविवारी, सूर्य वर आल्यावर तासाभरानं, जयवंता गेला. सलोमीबाईंनी त्याचे डोळे मिटले, हनुवटीला फडकं बांधलं आणि मग त्याच्या बाजेजवळ गुडघे टेकून बसल्या. रजनी त्यांच्यामागे बसली. काय म्हणायचं असतं ते तिला ठाऊक नव्हतं, म्हणून ती नुसती बसली.

*

वसंत दुपारी गावातल्या घरी आला तेव्हा ओसरीवर भैय्याजी बसलेले होते. भैय्याजी म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, समाजातले वजनदार गृहस्थ. लग्न असो, वाटणी असो, त्यांच्या शब्दावाचून पान हलत नसे. बाबा खांबाला टेकून बसले होते. माय, कलाबाई, आतल्या दाराच्या चौकटीत होती.

वसंताला रात्रीपासून एकच घोर होता. लोधीखेड्याचे रघुनाथराव भाऊबीजेला येणार होते. त्यांच्या अरविंदासाठी रजनीचं बोलणं पक्कं व्हायचं होतं. घर चांगलं, मुलगा शिकलेला. अशा वेळी महारोग्यांचा दवाखाना, ख्रिस्ती काका आणि वावरात कबर, हे सगळं एकदम उघड्यावर येणार होतं. काकांवर त्याची माया होती. लहानपणी काका नागपूरहून येताना त्याच्यासाठी रंगीत पेन्सिली आणायचे. पण मायेनं बहिणीचं लग्न होत नाही, असंही त्याला वाटत होतं.

"पुंडलिक, मी सरळच बोलतो," भैय्याजी म्हणाले. "जयवंता माणूस चांगला होता. पण तो आपल्यातून गेला तीस वर्षांआधी. त्याचे लोक नागपूरहून येतीन, काय करायचं ते करतीन. तुम्ही त्यात पडू नका. परवावर दिवाळी आली. दिवे लावा, फराळ करा. बाटलेल्या माणसाचं सुतक नसते."

वसंतानं मान हलवली. "अन् दवाखान्याचं म्हणजे बाबा, काकूले एकटीले झेपणार नाही. त्याईले नागपूरले माहेर आहे. आपण सन्मानानं पोचवून देऊ. मांडव काढून टाकू."

"बराबर बोलून राहिला पोरगा," भैय्याजी म्हणाले.

बाबा इतका वेळ अंगणात पाहत होते. त्यांनी आवाज चढवला नाही.

"सुतक राहीन. तेरा दिवस. या घरात दिवाळी होणार नाही."

"अरे पण त्याच्या धर्मात..."

"त्याच्या धर्मात सुतक नाही, ते मले माहीत आहे भैय्याजी. माह्या धर्मात आहे. भाऊ माहा मेला."

भैय्याजींनी पानाची चंची उघडली आणि तशीच मिटली. वसंत पुढे सरकला. आता नाही बोललो तर राहून जाईल, असं त्याला वाटलं.

"बाबा, सुतक पाळा. मी बी पाळतो. पण दवाखाना बंद करा. रजनीचा विचार करा जरा. महारोगी आपल्या वावरात येतात म्हटल्यावर कोण करीन पोरीले? रघुनाथराव उद्या पुसतीन, तुमच्या घरी तर नाही ना कोणाले, तं काय सांगू मी?"

"आहे म्हणून सांग."

वसंताला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

बाबांनी उजव्या हाताची बाही वर सरकवायला सुरुवात केली. बटण निघेना, तेव्हा डाव्या हातानं ओढून तोडलं. कोपराच्या खाली, आतल्या बाजूला, तळहाताएवढी जागा भोवतालच्या कातडीपेक्षा किंचित फिकट होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलेली होती. वसंतानं ती बोटं कितीदा पाहिली होती. नांगर धरून धरून तशी झाली, असं बाबा सांगायचे.

"चार वर्षं गोळ्या खाऊन राहिलो जयवंताच्या हातच्या. आता माह्यापासून कोणाले धोका नाही. त्यानं मले बरं केलं अन् गावाले समजू नाही दिलं. अन् मी त्याच्या घरचं पाणी कालपावेतो प्यालो नाही." त्यांचा आवाज तिथं थोडा बसला. "आज तो मरून पडला आहे अन् तुम्ही मले म्हणता, त्याचं सुतक धरू नको. त्याच्या लोकायले हाकलून दे. त्याच्या लोकायतला एक मीच आहे."

भैय्याजी हळूच आपल्या जागेवरून मागे सरकले. मग उठले, खांद्यावर उपरणं टाकलं. "मी... संध्याकाळी येतो," असं म्हणून ते पायऱ्या उतरले. ते येणार नाहीत हे सगळ्यांना कळलं.

वसंताला सौंसरच्या घरातली आपली दोन पोरं दिसली, आज्याच्या मांडीवर बसणारी. "बाबा, लेकरं... आम्ही सगळे..."

"सगळ्यायले पाह्यलं आहे त्यानं. दरसाल पोळ्याले तो तुम्हाले डोळे मिटून बसवे, अन् हातावर कापूस फिरवून गंमत करे. कुठं गुदगुल्या होतात सांगा म्हणे. आठवते? ती गंमत नव्हती. कोणाले काही नाही."

वसंताला आठवलं. त्याची मुलं खिदळत होती, आणि काका फार बारकाईनं पाहत होते.

तेवढ्यात कलाबाई चौकटीतून बाहेर आली. पदर डोक्यावरून घेतलेला. ती नवऱ्यापुढे येऊन बसली, आणि वसंताला वाटलं ती रडेल किंवा भांडेल. चार वर्षं बाबा ओसरीवर वेगळे झोपत होते. खोकल्याचं निमित्त सांगून.

"मले माहीत होतं," ती म्हणाली.

बाबांनी मान वर केली.

"संक्रांतीच्या आधी तुम्ही चुलीजवळ बसले होते. तुमचा हात तव्याले टेकला, अन् तुम्ही उचललाच नाही. कातडं जळल्याचा वास आला मले. मी दुसऱ्या दिवशी जाऊबाईकडे गेली. तिनं काही सांगतलं नाही, नुसतं म्हणे, वहिनी, भिऊ नका, त्याईले वेगळं ताट देऊ नका. मी समजली."

"मंग तू बोलली का नाही?"

"तुम्ही लपवून राहिले होते. तुम्हाले वाटत होतं कोणाले माहीत नाही, त्यातच तुमचा जीव होता. मी कायले तोडू?" तिनं त्यांचा उघडा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि तुटलेल्या बटणाचा दोरा बाहीतून काढून टाकला. "आता आत झोपत जा."

वसंत उठून अंगणात गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात कुदळ आणि फावडं होतं.

"बांधाजवळची जमीन टणक आहे," तो म्हणाला. "लवकर लागावं लागन."

*

सोमवारी दुपारच्या पॅसेंजरनं नागपूरहून पाद्रीसाहेब आले, त्यांच्यासोबत दवाखान्यातले तीन जुने सहकारी. पेटी आंब्याच्या फळ्यांची होती. सुतारानं ती रात्रीच करून दिली होती.

सलोमीबाईंना वाटलं होतं की सात-आठ माणसं असतील. पण तिगावच्या रस्त्यावर, बांधाच्या पलीकडे, माणसं उभी होती. सावरगावची, जामच्या काठच्या वस्त्यांवरची, काही लोधीखेड्याकडची. कोणाच्या पायाला चिंध्या गुंडाळलेल्या, कोणी काठी टेकत आलेलं. गावातली माणसं असतील तिथं आत यायचं नाही, ही त्यांची सवय होती. ती तशीच बांधाबाहेर थांबली.

सलोमीबाई त्यांना बोलावणारच होत्या. त्याआधी पुंडलिकराव उठले. आखूड बाह्यांची बंडी घालून ते बांधावर गेले.

"तिकडे कायले उभे? इकडे या. माती द्यायची आहे."

कोणी हललं नाही. मग एक म्हातारा म्हणाला, "पाटील, तुमचे लोक आहेत तिथं."

"मी बी तुमच्यातलाच. चला."

एकेक जण आत आला. पाद्रीसाहेबांनी शास्त्रातला भाग वाचला. शेवटच्या दिवशी उठण्याबद्दलचा. सलोमीबाईंनी तो कितीतरी खाटांशेजारी उभं राहून ऐकला होता आणि दर वेळी त्यांच्या मनात एक बारीकशी शंका राहून गेलेली असायची. आज त्यांनी शंकेला हाकललं नाही आणि तिच्याशी वादही घातला नाही. इतकी वर्षं हा माणूस दुसऱ्यांच्या जखमांपुढे वाकून बसला, तो आता कुठेतरी ताठ उभा असेल, एवढं त्यांना खरं वाटलं, आणि तेवढं पुरलं. वसंतानं पेटीला खांदा दिला. त्याच्या तळहातांना फोड आले होते. रजनीनं गाणं म्हणताना शब्द पाठ नसतानाही सूर धरला.

माणसं पांगल्यावर कलाबाई ओसरीवर आली. बगलेत गाठोडं होतं.

"तेरा दिवस मी इथंच राहीन," ती सलोमीबाईंना म्हणाली. "दोन्ही घरी सुतकच आहे. चूल एकच पेटवू."

तेव्हा सलोमीबाई रडल्या. जयवंता गेल्यापासून पहिल्यांदा.

*

बुधवारी लोधीखेड्याहून चिठ्ठी आली. रघुनाथरावांनी अक्षर नीट काढून लिहिलं होतं की घडलेल्या प्रसंगाचं दुःख झालं, तूर्त बोलणी थांबवावीत हे बरं.

वसंतानं ती वाचून बहिणीच्या हातात दिली. रजनीनं दोनदा वाचली. अरविंदाला तिनं एकदाच पाहिलं होतं, देवळात, आणि त्याचा आवाज तिला आवडला होता. ती आत जाऊन थोडा वेळ बसली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते, पण आवाज नीट होता.

"बाबा, तुम्ही बोलले ते चुकलं असं मी कधी म्हणणार नाही. पण आता माह्यं ऐका. मले नर्सचं शिकायचं आहे. काकूनं नागपूरले चिठ्ठी द्यायचं कबूल केलं आहे."

पुंडलिकराव गोंधळले. "नागपूर तं उद्यापासून परराज्य होऊन राहिलं ना?"

"राज्य परकं झालं तरी गाडी तीच आहे," वसंत म्हणाला. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो चिठ्ठीची घडी घालत होता. "दाखले लागतीन. रहिवासाचा, मॅट्रिकचा. कचेरीत मीच बसतो. करून देतो."

*

गुरुवारी, एक नोव्हेंबरला, गावात शाळेवर झेंडा लावला होता आणि कोणीतरी नव्या राज्याबद्दल भाषण करत होतं. मांडवात ते ऐकू येत नव्हतं. सलोमीबाई घंगाळ्यात गरम पाणी घेऊन बसल्या होत्या, रजनी कार्डं लावत होती. लोक येतील की नाही याची तिला धाकधूक होती. दहा वाजेपर्यंत नेहमीचे पंचावन्न आले. काही आले नाहीत. पण सहा चेहरे असे होते की ज्यांच्या नावाचं कार्डच नव्हतं. त्यांतला एक जण तर गावातला किराणावाला होता. तो कोणाकडे न पाहता रांगेत उभा राहिला. रजनीनं नवी कार्डं काढली.

पुंडलिकराव मांडवाच्या तोंडाशी बाजेवर बसले होते, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसतील असे. काय करायचं ते त्यांना नीट ठाऊक नव्हतं. सलोमीबाई म्हणाल्या होत्या, तुम्ही नुसते बसा दादाजी, तेवढं पुष्कळ आहे.

अकराच्या सुमाराला तिगावकडून एक दमणी, हलकी बैलगाडी, आली आणि निंबाखाली थांबली. चारी बाजूंनी लुगड्यांचे पडदे लावलेले. ती हाकणारा धुरकरी, तिशीचा एक शेतकरी, खाली उतरला, पडद्याशी वाकून काही बोलला आणि मग हातात कासरा धरून नुसताच उभा राहिला. बराच वेळ झाला. रजनी उठायला लागली तेव्हा पुंडलिकरावांनी तिला खुणेनं बसवलं आणि स्वतः गेले.

"बायको आहे," तो शेतकरी म्हणाला. "उतरत नाही. घरून निघताना हो म्हणे. आता म्हणते परत चाल."

"किती वर्षं झाली?"

"सहा."

पुंडलिकराव पडद्यापासून हातभर अंतरावर उभे राहिले.

"बाई," ते म्हणाले, "मी पांढुर्ण्याचा पुंडलिक. मले बी आहे. म्हणजे होतं. चार वर्षं लपवलं मी. माह्या घरची बी जाणून होती अन् गप्प होती, आम्ही दोघं एका घरात एकमेकांपासून लपत होतो. रविवारी सांगून टाकलं. काही माणसं उठून गेली, ते खोटं नाही सांगत तुम्हाले. पण मी रातच्याले झोपलो."

पडदा हलला नाही.

"ते कंपाउंडरबाबा वारले म्हणतात ना," आतून अगदी बारीक आवाज आला. "मंग आता कोण पाहीन?"

"त्याची बायको पाहते. तिचा हात त्याच्यापेक्षा हलका आहे, तोच सांगे. अन् माही पोरगी लिहून ठेवते." ते जरा थांबले. "बसा निवांत. तुमचं मन होईन तवा उतरा. मी इथंच उभा राहतो."

ते खरंच उभे राहिले. ऊन निंबाच्या बुंध्यावर सरकलं. बैलांनी शेण टाकलं, शेतकऱ्यानं ते पायानं बाजूला केलं. मांडवातून सलोमीबाईंचा आवाज येत होता, त्या कोणाला तरी सांगत होत्या की नख वाढू देऊ नका.

मग पडद्याची कड बाजूला झाली. पंचविशीची बाई, पदर तोंडावर ओढलेला. तिनं आधी रस्त्याकडे पाहिलं, मग मांडवाकडे, आणि मग एक पाय चाकाच्या आऱ्यावर ठेवला. पुंडलिकरावांनी हात पुढे केला. तिनं तो धरला आणि खाली उतरली.